गाडीत पाणी कुठून आलं

हॉर्न मी वाजवला नव्हता. त्या दिवशी हे मी तीन माणसांना सांगितलं आणि तिघांनीही माझ्या हातांकडे पाहिलं.

तीन दिवस पाऊस लागून त्या सकाळी उघडलं होतं. मी काकूंना हैदराबादेत जामबागच्या शाळेत सोडायला चाललो होतो. काकू म्हणजे माझ्या साहेबांच्या पत्नी. त्या शाळेत मराठी शिकवायच्या. कोठीच्या चौकाअलीकडे गर्दीत गाडी उभी होती, माझे दोन्ही हात स्टिअरिंगच्या कडेवर होते, आणि हॉर्न सुरू झाला. थांबेचना. पुढच्या ऑटोवाल्याने मान बाहेर काढून माझ्या आईचा उद्धार केला. मी बटणावर थापा मारल्या, तर वायपर सुरू झाले, कोरड्या काचेवर करकरत. मग चारही दारांची कुलपं एकदम खट्टकन बसली.

परदेशी कंपन्यांच्या गाड्या तेव्हा नुकत्याच यायला लागल्या होत्या. एका किल्लीत चारी दारं बंद, काचा बटणावर खाली-वर. साहेब प्रयोगशाळांना लागणारी यंत्रं बाहेरच्या देशांतून मागवून विकायचे. सरकारने आयात मोकळी केल्यावर त्यांचा धंदा एकदम वर गेला, आणि तारनाक्याच्या आमच्या गल्लीत तसली पहिली गाडी आमच्याकडे आली. 'आमच्याकडे' म्हणतो मी. ड्रायव्हर लोक असंच म्हणतात.

तर त्या आमच्या गाडीच्या काचा काही केल्या खाली होईनात, आणि मागे बसलेल्या काकूंना दमा होता.

मी इंजिन बंद केलं, किल्ली काढून घेतली, तरी हॉर्न चालूच. माझ्या दाराच्या कुलपाची घुंडी वर ओढावी तर ती पुन्हा खाली बसायची, जणू आत कुणीतरी बसून तिला खाली खेचतंय. शेवटी एका हाताच्या दोन बोटांनी ती घट्ट वर धरून ठेवली, दुसऱ्या हाताने दार उघडलं आणि बाहेर पडलो. ट्रॅफिकचा शिपाई काठी आपटत आलाच होता. "क्या रे, बरात है क्या तेरी?" मी म्हणालो, मी नाही वाजवत साहेब, आपोआप वाजतोय. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. बॅटरीचं टर्मिनल सोडवायला पाना हवा होता आणि पाना डिकीत, अन् डिकीचं कुलूपही किल्लीला दाद देईना. पाना दिला तो मघाच्याच ऑटोवाल्याने. "ले मियां," तो म्हणाला, "पहले इसका गला दबा."

टर्मिनल निघालं आणि हॉर्न मेला. मी पुढच्या सीटवरून मागे झुकून काकूंच्या दाराची घुंडी ओढली. त्या उतरल्या, एका चपलांच्या दुकानाच्या पायरीवर बसल्या, पर्समधून दम्याचा पंप काढून दोनदा ओढला. बोलता येईना, तरी पहिलं वाक्य काय म्हणाव्यात? "तुझ्या हाताला लागलंय का रे?"

अशी बाई होती ती. आणि म्हणूनच पुढं जे झालं त्याचा मला जास्त राग आहे.

मी बिलोली तालुक्यातला. आठवीत शाळा सुटली, ती कायमचीच. कापसाच्या जिनिंगच्या टेम्पोवर गाडी शिकलो आणि एका ओळखीच्याने हैदराबादला आणून या घरी उभं केलं. पहिल्या वर्षी मला टायफॉईड झाला. घरी कळवलं असतं तर आईला यायला दोन गाड्या बदलाव्या लागल्या असत्या आणि तिला तेलुगू अक्षर कळत नव्हतं. काकूंनी कळवू दिलं नाही. वीस दिवस मऊ भात मला मागच्या खोलीत आणून दिला, स्वतः. बरा झाल्यावर शाळेतली पुस्तकं वाचायला द्यायला लागल्या. त्यांच्या वर्गातली पोरं मराठी असून मराठी अडखळत वाचायची. मी एका दमात वाचतो याचं त्यांना फार कौतुक. आज मी चार ओळी लिहितोय ती त्यांची देणगी आहे. हे मी कधी नाकारलेलं नाही, आजही नाकारत नाही.

दुसरी गोष्ट, मी घाबरट आहे. हँडब्रेक ओढला की नाही, हे मी दोनदा बघतो. गाडी लावून निघताना चारही काचांवर बोटाच्या पेराने एकेकदा वाजवून बघतो, बंद काचेचा आवाज येतो की नाही. शेजारचे ड्रायव्हर हसायचे, म्हणायचे, "क्या भाई, अंदर कौन है, दरवाजा खोलते क्या वो?" हसू देत. मला तो आवाज ऐकल्याशिवाय झोप लागायची नाही.

गाडी ओढून कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. वर्कशॉप कसलं, बँकच ती. काचेच्या भिंती, थंड हवा, फरशीवर तेलाचा डाग नाही. टाय लावलेला सुपरवायझर. त्याच्या माणसांनी पुढचं डावं कारपेट उचललं तर खालच्या स्पंजात पाणी, हाताने दाबलं की पिळून निघत होतं. कुजका वास. डॅशबोर्डच्या खाली डाव्या कोपऱ्यात फ्यूजची पेटी, तिच्या पिना हिरव्या पडलेल्या, तांब्याच्या भांड्याला चढतो तसला हिरवा थर. पाण्याने एका तारेतली वीज दुसरीत जात होती. हॉर्न, वायपर, कुलपं, ज्याला जे वाटेल ते ते करत होतं.

सुपरवायझरने विचारलं, "काँच खुला छोड़ा था?"

"नहीं साब."

"तो पाइप मारा होगा धोते टाइम."

"बाल्टी और कपड़ा साब. पाइप नहीं."

"फिर पानी क्या आसमान से आया?"

त्याची माणसं हसली. मीही हसलो. हेच मला आज सहन होत नाही, की मीही हसलो. त्याने मला बसायला खुर्ची दिली होती, पाणी दिलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा टायवाल्या माणसाने मला खुर्ची दिली म्हणून मी आतल्या आत उपकृत होऊन बसलो होतो. त्याने इंग्रजीत भराभर काहीतरी लिहिलं, कागद फिरवून माझ्यापुढे धरला. "साइन करो. फॉर्मॅलिटी है." मला इंग्रजी येतं ते नंबरप्लेटपुरतं. मी सही केली. गावच्या गुरुजींनी शिकवली तशी, पूर्ण नाव, मराठीत, खाली रेघ मारून.

आठवड्याने गाडी आली. नवी पेटी, नवं कारपेट, आत अत्तरासारखा वास. दुसऱ्या दिवशी साहेबांनी हॉलमध्ये बोलावलं. हातात तो कागद होता.

"काच उघडी ठेवलीस, हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"नव्हती ठेवली साहेब."

"इथं लिहिलंय." त्यांनी चष्मा वर केला आणि वाचून दाखवलं, मराठी करून: "ड्रायव्हरच्या निष्काळजीपणाने काच उघडी राहून गाडीत पाणी शिरले. आणि खाली ही सही कुणाची आहे?"

सही माझीच होती. रेघेसकट. इतक्या सुंदर अक्षरात माझ्याविरुद्ध कुणी कधी काही लिहिलं नसेल.

मी म्हणालो, मला वाचता आलं नाही, त्याने फॉर्मॅलिटी म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, "चूक होते रे माणसाच्या हातून. चुकीला मी काही म्हणत नाही. पण खोटं? आत ती होती. तिचा पंप त्या दिवशी पर्समध्ये नसता तर काय केलं असतंस तू?" हा प्रश्न मी स्वतःलाही रोज विचारत होतो. "महिनाअखेरपर्यंत दुसरीकडं बघ," ते म्हणाले. "आणि चिठ्ठी मागू नकोस माझ्याकडं. असं लिहून मिळाल्यावर मी चांगलं काय लिहू?"

चिठ्ठी म्हणजे आधीच्या मालकाने लिहून दिलेले दोन शब्द, माणूस बरा आहे म्हणून. त्या काळी तीच आमची डिग्री. हैदराबादेत माझं ना गाव ना गणगोत. चिठ्ठी नाही तर दुसरी गाडी नाही. गाडी नाही तर मागची खोली नाही. आणि बिलोलीला परत जाऊन काय सांगायचं, तर निष्काळजी म्हणून काढलं.

काकू तिथंच जेवणाच्या टेबलावर वह्या तपासत होत्या. मला वाटलं आता त्या बोलतील. म्हणतील, अहो, हा काचा वाजवून बघणारा पोरगा आहे. रोज त्यांच्या डोळ्यांदेखत वाजवायचो. त्यांनी मान वर केली नाही. एक वही मिटली, दुसरी उघडली.

त्या रात्रीनंतर मला स्वतःचीच शंका यायला लागली. घाबरट माणसाचं असंच असतं. त्याच्यावर कुणी आरोप केला की तो आधी आपल्याच खिशात हात घालून बघतो. चार काचा वाजवल्या होत्या ना? की तीनच? डावी पुढची? मी डोळे मिटून तो आवाज आठवत बसायचो आणि जितका आठवायचो तितका तो पुसत जायचा. एखाद्याने मला मारलं असतं तर परवडलं असतं. हा टायवाला माझ्या आठवणीत शिरून तिथली काच उघडी करून गेला होता.

रविवारी दुपारी पुन्हा पाऊस धरला. साहेब मुंबईला गेले होते आणि किल्ली आता काकूंकडे असायची, माझ्याकडून काढून घेतली होती. मी दारात उभा राहिलो.

"काकू, किल्ली पाहिजे. गाडी हलवणार नाही. नुसता आत बसणार आहे."

"पावसात?"

"पावसातच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खुंटीवरची किल्ली काढून दिली.

मी चारही काचा चढवल्या, पुढच्या डाव्या बाजूच्या कारपेटवर वर्तमानपत्र अंथरलं, आणि ड्रायव्हरच्या सीटवर आडवा होऊन हातबॅटरी लावून बघत राहिलो. वर गाडीच्या टपावर पाऊस वाजत होता. दहा मिनिटं काही नाही. वीस मिनिटं काही नाही. पाणी आलंच नाही तर? तर मग काच माझीच उघडी होती. देवाशप्पथ सांगतो, माणसांनी गाडी गळू नये म्हणून नवस केले असतील, मी गळावी म्हणून हात जोडून बसलो होतो.

मग कागदावर टप्प झालं. वर्तमानपत्रात एक काळा ठिपका पसरला.

मी डोकं खाली घालून वर पाहिलं. थेंब डॅशबोर्डच्या आतून, ब्लोअरच्या बाजूने येत होता. काळ्या पट्टीत गुंडाळलेली तारांची जुडी होती, तिच्यावरून तो सावकाश ओघळत आला, आणि कुठं येऊन लोंबकळला? नव्या पेटीवर. त्या कोऱ्या, चकचकीत पेटीच्या कडेवर. एक पडला, दुसरा आला.

तेव्हा जो राग आला तो मला अजून पुरतोय. त्यांनी पेटी बदलली. कारपेट बदललं. अत्तर मारलं. पाणी कुठून आलं ते कुणी पाहिलंच नाही! बघायची गरजच नव्हती ना, माणूस सापडला होता. सही करणारा. वर्कशॉपभर संगणक होते, भिंतीवर कंपनीची सर्टिफिकेटं होती, आणि तिथल्या एकाही माणसाला पावसात वीस मिनिटं गाडीत बसावंसं वाटलं नाही. आणि ज्या कुणी शहाण्याने विजेची पेटी बरोबर पाण्याच्या वाटेखाली ठेवली, त्याच्या कागदावर निष्काळजी असं कुणी लिहिलं का? तो मोठा इंजिनियर. मी आठवी.

सोमवारी सकाळी काकूंना सांगितलं, पाणी वरून येतंय, काचेतून नाही, मला गाडी अंबरपेठेत नेऊन दाखवायची आहे. त्या म्हणाल्या, "ने. मी ऑटोने जाते." एवढंच. मला वाटलं होतं, पाणी वरून येतंय हे ऐकल्यावर त्या आणखी एखादं वाक्य बोलतील.

अंबरपेठेत गाड्यांच्या विजेची कामं करणारे एक उस्ताद होते. साठीचे, पान खाणारे. त्यांच्याकडे संगणक नव्हता. दोन तारा लावलेला एक बल्ब होता, तो इकडून तिकडे टेकवून ते तारेची नाडी बघायचे. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून पिंक टाकली.

"पेटी बदले कंपनीवाले?"

"हौ उस्ताद."

"और पानी किधर से आया, वो?"

"वो नहीं देखे."

"कायकू देखते? पानी फिर आया तो फिर एक पेटी बिकती."

त्यांनी पुढच्या काचेखालचे दोन्ही वायपर सोडवले. त्याखाली बॉनेट आणि काच यांच्या मधे एक काळी प्लास्टिकची जाळी असते. तिच्यातून ब्लोअरला हवा जाते. पावसाचं पाणी त्याच जाळीतून खाली एका पन्हळीत पडतं आणि कोपऱ्यातल्या भोकातून चाकामागे वाहून जातं. उस्तादांनी जाळी उचलली आणि आत बघून म्हणाले, "या अल्ला. मियां, अंदर बागीचा लगाए क्या?"

त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर काळा चिखल बाहेर काढला. मग आणखी एक मूठ. भोक गच्च बुजलं होतं. पाणी वाहून जायला वाट नाही म्हणून पन्हळ भरायची आणि पाणी ब्लोअरच्या तोंडातून आत उतरायचं. "देख, देख," म्हणत त्यांनी चिखल बोटाने फोडला. त्यात झेंडूच्या पाकळ्या होत्या. शेवंतीचे देठ, तुळशीच्या काड्या. आणि फुगून मऊ झालेले तांदूळ, काहींवर अजून कुंकवाचा लाल रंग.

मी जागीच बसलो. ते कुठून आलं, हे मला विचारायची गरज नव्हती.

काकू रोज सकाळी पूजा झाली की एक-दोन फुलं आणि चिमूटभर अक्षता माझ्या ओंजळीत घालायच्या, "गाडीला वाहा आणि मग निघ." मी ती काचेच्या खाली, वायपरपाशी वाहायचो. दसऱ्याला तर आख्खा हार. पण गाडी सुरू झाली की वाऱ्याने फुलं उडणार, रस्त्यावर पडणार, लोकांच्या पायाखाली येणार. देवाचं फूल पायदळी कसं येऊ द्यायचं? म्हणून निघण्याआधी मी ती बोटाने त्या जाळीच्या फटीत सरकवायचो. नीट, आतपर्यंत, हळूच, पाकळी चुरगळू नये अशी. रोज. जवळजवळ वर्षभर. टायफॉईडमधून वाचलो त्याची, या घरात राहिलो त्याची फेड म्हणून. वर्कशॉपला शंभर जन्मांत सापडली नसती अशी चूक मी स्वतः, हात जोडून, केली होती.

उस्तादांनी माझं तोंड पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. त्यांनी पान दुसऱ्या गालात घेतलं. "घर में नीम का झाड है?"

"है."

"तो हो गया. पत्तां गिरे बोल दे. झाड कू कौन नौकरी से निकालता?"

खरं सांगतो, मी हसलो आणि मला ते पटलंही. कडुलिंबाचं झाड होतंच गाडीच्या डोक्यावर. चिखलात पाला मिसळायचा, साहेबांना दाखवायचा, माझं नाव धुतलं जाणार, काकूंची फुलंही झाकली जाणार. परतीच्या वाटेवर मी वाक्यसुद्धा जुळवलं. पण ते वाक्य मनात म्हणताना मला त्या टायवाल्याचा आवाज यायचा. त्यालाही असंच एक सोपं वाक्य सापडलं होतं. त्याला माणूस सापडला, मला झाड. नको. माझी चूक होती ना? मग मला ती हवी होती. माझी चूक माझ्या नावावर, आणि त्याची खोटी ओळ त्याच्या नावावर.

मंगळवारी संध्याकाळी साहेब आले. चहा झाल्यावर मी व्हरांड्यात वर्तमानपत्र उघडून तो चिखल दाखवला आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून, बोटाने सरकवण्यापर्यंत.

साहेबांनी वाकून पाहिलं. मग ते हसायला लागले. पोट धरून. "अगं, ये इकडं! बघ, तुझ्या देवानं फ्यूज उडवले!"

काकू आल्या. त्या हसल्या नाहीत. "फुलं मी देत होते," त्या म्हणाल्या.

"कोंबली मी," मी म्हणालो.

"जाऊ दे रे," साहेब म्हणाले, डोळे पुसत. "भक्तीत झालं ते. आधीच नाही का सांगायचं? राहा तू, कुठं जातोस! किल्ली घे." तेवढ्यात त्यांच्या मित्राचा फोन आला आणि ते आत जाऊन त्याला हा किस्सा सांगायला लागले. त्यांचं हसणं बाहेर ऐकू येत होतं.

मी तिथंच उभा. मला काढलं नव्हतं, आणि मला इतका संताप यापूर्वी आला नव्हता. तेच पाणी. तीच पेटी. तेच काकूंचं गुदमरणं. काच उघडी राहिली म्हटल्यावर मी खोटारडा, निष्काळजी, चिठ्ठीला नालायक. तोच मी फुलं कोंबणारा निघालो, तर भोळा, गमतीचा, ठेवून घेण्यासारखा. या दोन्हींत खरं काय ते विचारण्याइतका मी कुणाच्या लेखी मोठा नव्हतोच. आणि 'चुकलं आमचं', एवढं तरी कुणी म्हणावं? ते फोनवर नव्हतं, व्हरांड्यातही नव्हतं.

साहेब बाहेर आले तेव्हा मी म्हणालो, "साहेब, ती ओळ?"

"कुठली?"

"कागदावरची. काचेची."

"फाडून टाक की."

"त्यांच्याकडं दुसरी प्रत आहे."

"असू दे ना. कोण वाचतंय ते?"

"मला वाचता येत नव्हतं म्हणून तर ती लिहिली, साहेब."

आवाज जरा चढलाच असावा. साहेबांनी चमकून पाहिलं. मी त्या घरात कधी आवाज चढवला नव्हता. मग काकू म्हणाल्या, "उद्या माझी शाळा दुपारची आहे. मी येते तुझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी त्या थंड खोलीत मी सुपरवायझरच्या काचेच्या टेबलावर वर्तमानपत्र ठेवलं आणि उघडलं. वास पसरला. रांगेतली माणसं मागे सरकली.

"अरे, ये क्या रख दिया टेबल पे!"

"गाड़ी में से निकला साब. आपने नहीं निकाला."

तो काकूंकडे बघून इंग्रजीत बोलायला लागला. काकू म्हणाल्या, "इनसे बात कीजिए. सही इनकी है." या वेळी मला खुर्ची दिली नाही, आणि मला नको होती. मी सांगितलं, नवी पेटी त्याच थेंबाखाली बसवलीय, पाहिजे तर पाऊस येईपर्यंत मी इथं थांबतो. मागे कुणीतरी आपल्या गाडीचंही कारपेट ओलं असतं म्हणायला लागलं. तेव्हा तो नरम पडला. कपाटातून त्या कागदाची प्रत काढली, ती ओळ खोडली, वर काहीतरी लिहिलं. "पानी का रास्ता चोक था. लिख दिया. खुश?"

"किसने चोक किया, वो भी लिखो."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, इनको चाहिए क्या आखिर?"

"जो हुआ, वो," काकू म्हणाल्या.

त्याने लिहिलं. मी कागद काकूंच्या हातात दिला आणि त्यांनी तो मला मराठीत वाचून दाखवला: पाण्याची वाट पूजेच्या फुलांनी बुजली होती, फुलं ड्रायव्हरने घातली होती, काचा बंद होत्या. मी शेवटचं पुन्हा वाचायला लावलं. मग सही केली. रेघ वाकडी गेली.

बाहेर येऊन गाडी काढली, जामबागच्या रस्त्याला लागलो. काकू आज मागे नाही, पुढं बसल्या होत्या. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाल्या, "त्या दिवशी हॉलमध्ये मी तुला विचारायला हवं होतं रे."

जाऊ द्या काकू, असं म्हणायचं होतं. माझ्यासारख्याने तेच म्हणायचं असतं. वीस दिवसांचा मऊ भात होता त्यामागं.

"हो," मी म्हणालो. "विचारायला हवं होतं."

त्या बाहेर बघत राहिल्या. शाळेच्या फाटकाशी मी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, आणि ओढलाय ना ते पुन्हा एकदा बघितलं.